ऊर्ध्व गोदावरीचे मॉडेल: जायकवाडीला अग्रक्रम कितवा द्यावा?

पाणलोट:
खोऱ्यातील पाणीवाटपाच्या अभ्यासासाठी स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटची ‘वीप’ ही संगणकीय आज्ञावली आपल्याकडे बरीच वापरली जाते. तीत प्रत्येक मागणीला १ ते ९९ असा अग्रक्रम द्यावा लागतो आणि आकडा जितका लहान, तितका हक्क आधीचा. धरण भरण्यालाही असाच क्रमांक असतो. तो आपण बदलला नाही तर ९९ राहतो, म्हणजे सगळ्यांची तहान भागल्यावर जे उरेल तेच साठवले जाते. प्रत्येक महिन्याचे गणित स्वतंत्रपणे सुटते. पुढच्या महिन्यात काय होणार, हे त्या गणिताला ठाऊक नसते.

पैठणच्या जायकवाडीच्या, म्हणजे गोदावरीवरील खालच्या मोठ्या धरणाच्या, बाबतीत नेमके इथेच बिनसते. जायकवाडीला वरच्या धरणांच्या आधीचा क्रमांक दिला, तर मॉडेल जूनपासूनच पाणी खाली सोडत राहते आणि जायकवाडी भरेपर्यंत गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा रिकामी ठेवते. नंतरचा क्रमांक दिला, तर दुष्काळी वर्षीही ऑक्टोबरात वरून थेंब सुटत नाही. प्रत्यक्षात यांपैकी काहीच घडत नाही. वरची धरणे आपापल्या परिचालन सूचीप्रमाणे (केव्हा किती भरायचे याच्या वेळापत्रकाप्रमाणे) पावसाळाभर भरतात, मग १५ ऑक्टोबरला हिशेब मांडला जातो आणि खरिपातील वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरत असेल, तर मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा व पालखेड या धरणसमूहांकडून पाणी घेतले जाते. हे याच वाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीचे २०१३ चे कोष्टक असून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाचा आधार तेच आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, अग्रक्रमाशी खेळणे सोडावे आणि प्रत्येक समूहाखाली फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरपुरती, जायकवाडीच्या तुटीवर अवलंबून असलेली किमान प्रवाहाची (नदीत निदान इतके पाणी सोडलेच पाहिजे अशी) अट सूत्ररूपाने लिहावी.

गिरणाकाठ:
मी याच्याशी असहमत आहे. आपण सुचवता ते मॉडेल एका सरकारी कोष्टकाची प्रत आहे. कोष्टक उद्या बदलले, तर आपले सूत्र शिळे होईल. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, आजचा नियम ज्या मॉडेलात कोरून ठेवला आहे, त्या मॉडेलाला ‘हा नियम बरा की वाईट’ हा प्रश्न विचारताच येत नाही. तीस वर्षांच्या नियोजनासाठी मला समान हक्क, वरच्यांचा आधी हक्क आणि खालच्यांचा आधी हक्क ही तीन टोके पाहायची असतात, आणि त्यासाठी अग्रक्रमाइतके स्वच्छ साधन दुसरे नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातील कलम १२(६)(ग) देखील टक्केवारीचे कोष्टक सांगत नाही. खोऱ्यातील सर्व धरणांतील उपलब्धतेचे प्रमाण ऑक्टोबरअखेर साधारण सारखे असावे, एवढेच त्यात म्हटले आहे.

कालवा_निवृत्त:
दोघांच्याही मॉडेलात पाणी फार शहाण्यासारखे वागते, एवढेच मला दिसते. २०१५ साली वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी १२.८४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. असे पाणी सोडायचे म्हणजे आधी वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडावी लागते आणि बंदोबस्त लावावा लागतो. तरीही कोरडे पात्र पहिले पाणी पिऊन टाकते. ‘वीप’मध्ये या महिन्यात सोडलेले पाणी याच महिन्यात पैठणला पोहोचलेले असते. दरवाजांचे परिचालन खरोखर दाखवायचे असेल, तर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचे ‘हेक-रेससिम’ घ्या. तेही विनामूल्य आहे, त्यात गणित रोजच्या किंवा तासाच्या टप्प्याने करता येते, प्रवाहाला वाटेत लागणारा वेळ मोजता येतो आणि साठ्याच्या प्रत्येक थरासाठी नियम एकाखाली एक रचता येतात.

पाणलोट:
वहनव्यय, म्हणजे वाटेत मुरून-उडून जाणारे पाणी, ‘वीप’मध्येही नदीच्या प्रत्येक टप्प्यासाठी टक्केवारीने देता येतो आणि महिन्यागणिक बदलता येतो. पूरनियंत्रणासाठी दैनिक गणित हवेच, हे मान्य. पण पाणीवाटपाच्या वादात दैनिक आवक कुठून आणायची? वरच्या प्रत्येक धरणाची विश्वासार्ह दैनिक नोंद हाती नसताना दैनिक मॉडेल चालवणे म्हणजे मासिक अंदाजाचे तीस तुकडे करणे होय.

नाशिककर_१:
इथे बाष्पीभवनाबद्दल कोणीच बोलत नाही, याचे आश्चर्य वाटते. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पूर्ण भरल्यावर सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो आणि उथळ आहे. रोज ५ मिलिमीटर धरले तरी महिन्याला साधारण ५२ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे १.८ टीएमसीहून अधिक पाणी हवेत जाते. २०२३ मध्ये सोडायला सांगितलेले पाणी ८.६ टीएमसी होते. तेच पाणी घाटमाथ्याजवळच्या खोल धरणांत ठेवणे शहाणपणाचे नव्हे काय?

पाणलोट:
आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा. सारा पसारा त्या ८.६ टीएमसीच्या खात्यावर टाकता येणार नाही, कारण नाथसागरातील आधीच्या पाण्याचे बाष्पीभवन तसेही होणारच आहे. मोजायचा तो केवळ वाढीव पसारा, आणि त्यातून वरच्या धरणांत वाचणारा पसारा वजा करायचा. त्यासाठी दोन्हीकडचे पातळी-क्षेत्र-साठा वक्र (कोणत्या पातळीला किती पसारा आणि किती साठा, हे दाखवणारे आलेख) अलीकडच्या गाळ सर्वेक्षणाचे हवेत. जायकवाडीचा मूळ संकल्पित मृत साठा (तळाचे, बाहेर न काढता येणारे पाणी) ७३८ दलघमी होता. तो धरून काढलेला जुना वक्र आजही जसाच्या तसा वापरणारे प्रबंध मी पाहिले आहेत.

गिरणाकाठ:
बाष्पीभवनाबाबत आपले म्हणणे पटले. अग्रक्रमाबाबत मी माझ्या जागी आहे, मात्र एक तडजोड सुचवतो. आपले अटीचे सूत्र वापरून २०१५ आणि २०१८ ही दोन तुटीची वर्षे चालवा आणि १५ ऑक्टोबरचा प्रत्येक समूहाचा साठा नोंदींशी ताडून पाहा. तो जुळला, तर तीच फाइल घेऊन मी फक्त अट काढून टाकीन आणि माझी तीन टोके तिच्यावर चालवीन.

कालवा_निवृत्त:
ताडताना वरच्या धरणांतून पावसाळ्यात सांडव्यावरून गेलेले पाणी आणि आदेशानंतर सोडलेले पाणी वेगळे धरा. दोन्ही पैठणला एकाच आवकेत मोजले जाते, आणि मॉडेल ‘जुळले’ असे जाहीर करणाऱ्यांची गल्लत बहुधा तिथेच होते.