तोंडात कोळंबी धरलेलं मांजर: हे चित्र कुठलं?

वेंगुर्ल्याच्या घरी आजोबांच्या पेटीत हे सापडलं. जाड रेषांचं मांजर, तोंडात कोळंबी, कपाळावर चक्क गंध! एक कोपरा वाळवीने खाल्लाय. आमची मनी बांगड्याचं डोकं पळवताना अगदी अशीच बघते. किंमत असेल का काही?

> कालीघाट शैली. १९ व्या शतकात कोलकात्याच्या काली मंदिरापाशी पटुआ, म्हणजे तिथले चित्रकार, अशी चित्रं यात्रेकरूंना स्वस्तात विकत. गंध वैष्णवी आणि तोंडात कोळंबी, म्हणजे हा ढोंगी साधू. थट्टा जुनीच: महाबलीपुरमच्या ७ व्या शतकातल्या शिल्पात मागच्या पायांवर तप करणारं मांजर आहे, जवळच उंदीर. चित्रकार जामिनी रॉय (१८८७-१९७२) यांनीही कोळंबीवालं मांजर रंगवलंय. मात्र छापील प्रती उदंड. भिंगाखाली ठिपके दिसले तर छपाई समजा.

> ठिपकेच ठिपके! मागे फिकट तारखाही आहेत. कॅलेंडरचं पान निघालं हो. आजोबा पक्के माळकरी, त्यांनी हे का जपलं असेल कोण जाणे.

> छापील असला तरी लाव गो. फक्त पावसाळ्यात ओल्या भिंतीर नको, बुरशी धरतली. आणि मनीच्या नजरेसमोर तर नकोच.