क्रॉनिकलची नेमकी कुठली प्रत?

काही जण म्हणतात की ॲंग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे इंग्लंडचा जुन्या इंग्रजीतला इतिहास, वर्षवार लिहिलंय म्हणून राजघराण्याबाबत तेच सगळ्यात भरवशाचं. मला हे अर्धंच पटलं, कारण ते मुळात एक पुस्तक नाहीच, वेगवेगळी हस्तलिखितं आहेत आणि ती आपसात जुळत नाहीत. वेसेक्स या दक्षिण इंग्लंडमधल्या राज्याचा राजा आल्फ्रेड याची मुलगी एथेलफ्लेड बघा, शेजारच्या मर्सियावर राज्य करायची, १२ जून ९१८ ला टॅमवर्थला वारली. सगळ्यात जुन्या, वेसेक्सच्या बाजूने लिहिलेल्या प्रतीत तिच्या मृत्यूनंतर मर्सियाबद्दल एवढंच की तिच्या भावाने, वेसेक्सचा राजा एडवर्डने टॅमवर्थ घेतलं आणि मर्सियाचे लोक त्याला शरण आले. पण दुसऱ्या तीन प्रतींत 'मर्सियन रजिस्टर' नावाचा छोटासा भाग आलाय, त्यात तिने बांधलेले किल्ले आहेत, डर्बी जिंकल्याचं आहे आणि मुख्य म्हणजे तिची मुलगी एल्फविन हिचे सगळे अधिकार काढून तिला वेसेक्सला नेलं हेही आहे. म्हणजे मामाने भाचीला बाजूला सारलं आणि मामाच्या बाजूच्या प्रतीत त्या भाचीचं नावसुद्धा नाही!

आणि आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या वार्षिक नोंदी बघा, त्यांत एथेलफ्लेडला सॅक्सनांची अतिप्रसिद्ध राणी म्हटलंय, आल्फ्रेडच्या मृत्यूची मात्र नोंदच नाही.