आपत्तीनंतर कंपनीने घरं बांधून द्यावीत, की पैसे देऊन बाजूला व्हावं?

जोतं
भूकंप, महापूर, दरड, काहीही झालं की आठवडाभरात कुठलीतरी कंपनी 'गाव दत्तक घेतलं' असं जाहीर करते. माझं मत सरळ आहे. कंपनीने पैसा द्यावा, ट्रक द्यावेत, अभियंते द्यावेत. घर मात्र ज्याचं त्याला बांधू द्यावं.

किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. झोपेतली माणसं त्याच ढिगाऱ्याखाली गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी हलवली. सरकार, संस्था, कंपन्या सगळ्यांनी मिळून वसाहती उभ्या केल्या, जमीनधारणा बघून २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली. घरं मजबूत होती, नाही कोण म्हणतं? पण आखणी शहरातल्या कॉलनीसारखी. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, हे नकाशात नव्हतंच. मग अनेकांनी जुन्या गावठाणातले दगड आणून शेजारी खोल्या वाढवल्या. म्हणजे ज्या भिंतींनी माणसं मारली, त्याच भिंती भूकंपरोधक घराला चिकटून पुन्हा उभ्या!

वळीव
जोतं, तुमच्या चित्रातला घरमालक धडधाकट, हिशेबी आणि रिकामा दिसतोय. नवरा गेलेली, पदरात दोन पोरं असलेली बाई गवंडी शोधायला कुठे फिरणार? आपत्तीनंतर सिमेंट-सळईचे आणि मजुरीचे भाव चढतात, आणि एकट्याने घासाघीस करणाऱ्याला सगळ्यात महाग पडतं. कंपनी एका ऑर्डरीत अख्ख्या गावाचा माल आणते. आणि हातात आलेला रोख पैसा आधी सावकाराकडे जातो, हे काय आपल्याला माहीत नाही?

राहिला नकाशा. तो चुकला तर नकाशा बदला. बांधणाऱ्यालाच का हाकलताय?

ओळंबा
मी साइटवरचा माणूस, म्हणून थोडं बारकाईने.

भूकंपात घर टिकतं ते नुसत्या सिमेंटच्या गोण्यांवर नाही. दगड-विटांच्या घरात जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा लागतो, कोपऱ्यात उभी सळई लागते. आरसीसी कॉलम असेल तर उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या रिंगचं टोक १३५ अंशांत आत वळवावं लागतं. काटकोनात वाकवून सोडलं की हादऱ्यात रिंग उघडते आणि कॉलम फुगून फुटतो. काँक्रीट ओतल्यावर यातलं काहीही दिसत नाही. ठेकेदाराला दिवसाला अमुक घरं पुरी करायची असतात आणि रिंग वाकवणाऱ्याला नगावर पैसे. सांगा, कोण बघणार?

जोतं म्हणतील, घरमालक बघेल. अहो, त्याला तरी कुठे माहीत असतं? पाणी मारायला मात्र तो दिवसातून चारदा येतो, आणि ठेकेदाराची माणसं दुसऱ्या दिवशीच विसरतात, एवढं त्याच्या बाजूने बोलतो.

कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर यावर तोड काढली होती. बहुतेकांनी आपलं घर आपणच बांधलं, मदत हप्त्यांनी मिळाली, आणि अभियंत्याने काम तपासल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नव्हता. गवंड्यांना प्रशिक्षणही दिलं. कंपनीने पैसा असा तपासणी आणि प्रशिक्षणावर लावावा, असं माझं मत. फक्त फोटोत अभियंता चांगला दिसत नाही, ही अडचण आहे.

ताळेबंद
सगळे सद्भावनेवर बोलताय. आपल्याकडे ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. आपत्तीनंतरचं पुनर्वसन आणि पुनर्बांधणी त्या यादीत २०१९ मध्ये स्पष्ट शब्दांत आली.

आता याचा परिणाम बघा. ३१ मार्च जवळ आला की मोजता येणारी, फीत कापता येणारी वस्तू हवी असते. 'शंभर घरं' अहवालात एका ओळीत बसतात. 'पन्नास गवंडी शिकवले आणि तीन पावसाळे तपासणी केली' हे बसवायला कष्ट पडतात. वास्तविक चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येते. तरी घाई कशाची असते कोण जाणे.

वळीव
म्हणजे दोष कंपनीचा नाही, मार्च महिन्याचा. :)

गलबत
जोतं यांच्या बाजूने जपानचा दाखला देतो. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर यामातो या कुरियर कंपनीने ठरवलं, वर्षभर प्रत्येक पार्सलमागे १० येन द्यायचे. जमले सुमारे १,४२० कोटी येन! कंपनीने एक वीटही रचली नाही. पैसा गेला मासेमारी, शेती, पाळणाघरं, दवाखाने पुन्हा उभे करण्यात. मिनामीसान्रिकू या किनाऱ्यावरच्या गावात तात्पुरता मासळी बाजार उभा राहिला तो यातूनच. लिलाव सुरू झाला की होडीवाला, बर्फवाला, हमाल, सगळ्यांच्या हाताला काम. घरापेक्षा आधी हे लागतं, असं मला वाटतं.

उलट उदाहरण न्यू ऑर्लीन्सचं. कॅटरिना वादळानंतर ब्रॅड पिटच्या संस्थेने नामांकित वास्तुरचनाकारांकडून शंभरेक घरं बांधून घेतली. छतं गळली, लाकूड कुजलं, २०१८ मध्ये रहिवासी कोर्टात गेले.

वळीव
ती कंपनी नव्हे, ना-नफा संस्था. म्हणजे कंपनी नसली तरी घरं गळतात. दाखला तुमच्यावरच उलटला, गलबत.

आणि यामातोचा पैसा मुरला कारण तिथे तो घ्यायला आणि राबवायला धड नगरपालिका होत्या. जिथे पंचनाम्याच्या यादीत नाव घालायलाच माणसाला दहा खेपा माराव्या लागतात, तिथे पैसा देऊन बाजूला होणं म्हणजे अंग काढून घेणं. भाडेकरू, शेतमजूर, सातबारा नसलेला, यांचं घर 'स्वतः बांधा' योजनेत कुठे बसतं? जागाच त्यांची नाही.

जोतं
भूमिहीनांचा मुद्दा खरा आहे. त्यांना आधी जागा द्यावी लागेल आणि ती सरकारलाच द्यावी लागेल, कुठलीही कंपनी देऊ शकत नाही.

पण मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. करार होतो कंपनी, ठेकेदार आणि प्रशासन यांच्यात. राहणाऱ्याची त्यावर सही नसते. चौथ्या पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला की तो कंपनीकडे जातो. ते म्हणतात, आम्ही हस्तांतर केलं. ग्रामपंचायतीत जातो, ते म्हणतात, आम्ही बांधलंच नाही. ठेकेदाराचा फोन बंद. हे तुम्हाला चालतं का?

वळीव
नाही चालत. म्हणून दोष-दायित्वाची मुदत, म्हणजे बांधकामात दोष निघाला तर ठेकेदाराने तो दुरुस्त करून द्यायचा काळ, करारात घाला, राहणाऱ्याची सही घ्या, ठेकेदाराची अनामत तोवर अडकवून ठेवा. हे सगळं जमण्यासारखं आहे, पण बांधणारा कुणीतरी एक असेल तरच. तुमच्या पद्धतीत स्लॅब गळला तर घरमालकाने दावा कुणावर लावायचा, स्वतःवर?