शब्दचर्चा : काढा, कषाय आणि ‘हर्बल टी’

प्रश्न : खानापूर भागात पाऊस लागून राहिला की घसा खवखवू लागतो आणि घरात आले, मिरी व गवती चहा घालून पाणी उकळले जाते. आम्ही त्याला काढा म्हणतो, आमच्या कन्नड शेजारीणबाई कषाय म्हणतात, तर दुकानातल्या पुडीवर ‘हर्बल टी’ असे छापलेले असते. हे तिन्ही शब्द एकाच पदार्थाचे आहेत का? आणि ‘अर्क काढतात म्हणून काढा’ ही व्युत्पत्ती बरोबर आहे का?

उत्तर : ही व्युत्पत्ती ऐकायला पटते, पण ती खरी नाही. संस्कृत ‘क्वथ्’ म्हणजे उकळणे. त्यापासून प्राकृतात ‘कढइ’ आणि मराठीत कढणे, कढत, कढी हे शब्द आले, आणि काढा हा त्याच घरातला, म्हणजे ‘क्वाथ’ होय. ‘काढणे’ प्राकृत ‘कड्ढइ’वरून, ओढणे या अर्थाने आले आहे. (कढई मात्र ‘कटाह’वरून आली, तिला या कुळात ओढू नये.) त्यामुळे जे कढवून आटवलेले नाही त्याला काढा म्हणणे मला शिथिलपणाचे वाटते, शार्ङ्गधरसंहितेत (आयुर्वेदाच्या एका जुन्या ग्रंथात) तर औषधाच्या 16 पट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत आटवण्यास सांगितले आहे.

कषायाची गोष्ट अधिक रंजक आहे. मराठीत हा शब्द मुख्यतः सहा रसांपैकी तुरट रसासाठी उरला, म्हणून शेजारीणबाईंनी दिलेले धने, जिरे, मिरी आणि गूळ घातलेले गोडसर पेय पिताना आपल्याला त्या नावाचे नवल वाटते. पण संस्कृतात कषाय म्हणजे औषधी कल्प, अर्थात औषध तयार करण्याचा प्रकारसुद्धा, आणि आयुर्वेदात स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटून केलेला गोळा), क्वाथ, हिम (थंड पाण्यात भिजवून गाळलेले) व फांट या पाचांना मिळून ‘पंचविध कषाय’ म्हणतात. कन्नडने आणि कोकणीने (‘कसाय’) तो अर्थ जपला; आपण त्यांतल्या क्वाथाचेच नाव घेतले. शेजारीणबाईंचा शब्द चुकीचा नाही, उलट जुना आहे.

याच यादीत पुडीवरच्या ‘हर्बल टी’ला नेमका शब्द सापडतो, तो म्हणजे फांट : गरम पाण्यात भरड टाकून, थोडा वेळ ठेवून गाळलेले पेय. ‘वनौषधी चहा’ हे शब्दशः भाषांतर मला आवडत नाही, कारण त्यात चहाचे पान असतेच असे नाही. तथापि ‘गवती चहा’ हे नाव इतके रुळले आहे की चहा शब्दाला आक्षेप घेणेही कठीण.

पुढील प्रश्न : बाजारात ‘शुंठी’ मागितल्यावर ओले आले मिळाले. असे का?

उत्तर : मराठीत सुंठ म्हणजे वाळवलेलेच आले, परंतु कन्नडमध्ये ‘शुंठी’ ओल्यालाही म्हणतात. म्हणून तिथे ‘हसी शुंठी’ म्हणजे ओले आणि ‘ओण शुंठी’ म्हणजे वाळलेले, असे विशेषण लावूनच मागावे.

आणखी एक. घशासाठी काढ्यात घालतात ते ‘ज्येष्ठमध’ थोरले नाही आणि मधही नाही. मूळ शब्द ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काठी. कन्नडमध्ये त्यालाच ‘अतिमधुर’ असेही म्हणतात. रक्तदाब असलेल्यांनी मात्र ते रोज घेऊ नये, कारण त्यातील ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो.