प्रतिसाद : बेळगावलगतच्या पिरनवाडीजवळ पत्र्याचं शेड टाकून खोल्या भाड्याने देण्याबद्दल

दादा, दहा गुंठ्यांत तयार लोखंडी सांगाड्याचं शेड टाकून सामान ठेवायला खोल्या भाड्याने द्यायची तुमची कल्पना मला मनापासून पटली. पण सांगाड्याच्या भावाआधी ओलीचा विचार करा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या काकांचं शेड आहे. पहिल्याच थंडीत सकाळी शटर उघडलं, तर पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब टपकत होते आणि खालच्या कापसाच्या गादीवर रुपयाएवढे डाग पडले होते. छत गळत नव्हतं. रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या हवेतली वाफ त्यावर जमते. म्हणून पत्र्याखाली इन्सुलेशन घ्याच, वर वाऱ्याने फिरणारे व्हेंटिलेटर बसवा. जोतं रस्त्यापेक्षा दोन फूट तरी उंच हवं, आपल्याकडचा आषाढ तुम्हाला ठाऊक आहेच.

जमीन शेतीची असेल तर आधी एनए (बिगरशेती) करून घ्या, मगच अॅडव्हान्स द्या.

गिऱ्हाईक मिळेल. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बदलीवाली कुटुंबं आहेत, गणेश मंडळांचं सजावटीचं सामान आहे. खोल्या मात्र पाच बाय दहा फुटांच्याच जास्त काढा, मोठ्या दोन-तीन पुरेत.