उत्तर येईपर्यंतचा काळ : प्रार्थनेतले तुमचे अनुभव लिहा

साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीपुढे सांगायला, आपण उभे राहतो ते बहुधा मागितलेलं मिळाल्यावर. नोकरी लागली, आजार बरा झाला, की आभार मानतो. मागणं आणि मिळणं यांच्या मधल्या काळाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. अब्राहाम देवाच्या वचनावर घरातून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा 100. योसेफाची गोष्ट 17व्या वर्षी सुरू होते आणि मिसरचा राजा फारो याच्यापुढे तो उभा राहतो 30व्या वर्षी. बायबल त्या मधल्या वर्षांबद्दल लाजत नाही, आपण का लाजावं? अजून उत्तर मिळालं नसेल तरी लिहा. मला तर तेच जास्त वाचायचं आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. पाणी मागायचं असलं तरी शब्द सापडेना, मग चिडून हात आपटायची. एकदा मी तिच्या उशाशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणत होते. दोन ओळी झाल्या आणि तिचे ओठ हलू लागले. अडखळत का होईना, पुढची ओळ तिने माझ्याबरोबर म्हटली. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या ओळी अशा आजारातही बऱ्याचदा टिकून राहतात, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. ते ऐकून मी देवाचे आणखीच आभार मानले.

तिचं बोलणं पूर्वीसारखं कधी झालं नाही. पण रोज ती प्रार्थना म्हणताना 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' इथे मी थबकू लागले. येशूने आजच्यापुरतंच मागायला शिकवलं. रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्नाही, रोजच्यापुरताच मिळे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा सोडला, तर उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडत. मग मीही तेवढंच मागू लागले : आज तिला भरवताना, पुसताना माझा आवाज चढू नये. धीर असा रोजचा रोज मिळत गेला. पुढच्या आठवड्याचा आधी कधीच हाती आला नाही.

*

आम्हाला मूल नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली. मंडळीतल्या बायका प्रेमाने बायबलमधल्या मूल नसलेल्या हन्नाची गोष्ट सांगतात, की बघ, तिने रडून मागितलं आणि शमुवेल झाला. काही जणी 'विश्वास वाढव' म्हणतात. ते फार लागतं, कारण माझा विश्वास मोजायचं माप कुणाकडेच नाही.

एकदा तो अध्याय मी स्वतः सावकाश वाचला. हन्ना मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करते, एली याजकाला ती प्यायलेली वाटते. ती आपलं दुःख त्याला सांगते, तो तिला शांतीने जायला सांगतो. ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. तेव्हा शमुवेल पोटातही नव्हता! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी अजून मूल मागते. पण त्याआधी मनातलं सगळं, रागासकट, परमेश्वरापुढे ओतते आणि उठून जेवते.

*

वडील म्हणून लिहितो. मुलगा व्यसनात आहे. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. लोक मोनिकाचं उदाहरण देतात. तिने विश्वासापासून दूर गेलेल्या मुलासाठी, पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनसाठी, वर्षानुवर्षं अश्रू गाळले, 387 साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा तिने पाहिला आणि त्याच वर्षी ती वारली. मला त्यातून धीरही येतो आणि भीतीही वाटते. स्वतःचे शब्द संपतात तेव्हा बायबलमधलं 13वं स्तोत्र वाचतो. 'कोठवर' हा प्रश्न त्यात चार वेळा आहे आणि तरी ती प्रार्थनाच आहे. मला सध्या एवढंच जमतं.

*

माझं दुखणं जुनं आहे, जाणार नाही असं दिसतं. आपल्या देहातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, काढावा म्हणून प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला. 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर मिळालं. ते मान्य व्हायला मला खूप वेळ लागला, आणि काही रात्री आजही होत नाही.

*

एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. यरुशलेमची भिंत पडली आहे हे कळल्यावर पर्शियाच्या राजाच्या चाकरीत असलेला यहुदी नहेम्या रडला, उपास केला, किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थना करत राहिला. राजाने 'तुला काय हवं?' असं विचारलं त्या क्षणीही त्याने आधी मनात प्रार्थना केली. आणि मग काय काय मागितलं? प्रवासाची परवानगी, पत्रं, लाकूड! सगळा हिशोब तयार होता. शत्रू चालून येणार म्हटल्यावर त्याने प्रार्थनाही केली आणि पहारेही बसवले. माझी नोकरी गेली तेव्हा मी हेच धरून ठेवलं. सकाळी गुडघ्यांवर, मग अर्ज, मुलाखती, नवं शिक्षण. नकार आला की वाईट वाटायचं, पण देवाने पाठ फिरवली असं वाटेनासं झालं.

वर ज्या वडिलांनी लिहिलं आहे त्यांना सांगायचं आहे : मुलाच्या उपचारांसाठी धावपळ करता तीही विश्वासातच धरा. त्याचं नाव इथे लिहू नका, परमेश्वराला ठाऊक आहे. मी आणि माझी पत्नी आजपासून आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याला घेत आहोत, आणि तुम्हालाही.