आयपीओ (कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री) भरताना नक्की काय बघता?

गिरगावकर: लोकलमध्ये, ऑफिसात सगळे फक्त जीएमपी (ग्रे मार्केट प्रीमियम, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधी बाहेरच्या बाहेर मिळणारा जादा भाव) किती चाललाय एवढंच विचारतात, कंपनी काय करते याची कुणाला पडलेली नसते, तुम्ही काय बघून भरता?

मुलुंड_स्लो: जीएमपी आणि सबस्क्रिप्शन (किती पट अर्ज आले), बास! शेवटच्या दिवशी दुपारी मोठ्या संस्थांचा आकडा फुगला की जो तो यूपीआय मँडेट (अर्जाचे पैसे खात्यात अडवून ठेवायची परवानगी) टाकायला धावतो. अहो पण ग्रे मार्केट अधिकृत नाही, त्या भावाची जबाबदारी कुणावरच नाही. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या २०२४ च्या अभ्यासात दिसलं की वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्यापैकी साधारण निम्मे शेअर आठवड्यातच विकले, म्हणजे कंपनीत पैसे घालायला नाही, लिस्टिंग गेनलाच (शेअर बाजारात आल्याआल्या विकून मिळणाऱ्या नफ्यालाच) येतात लोक.

पार्ल्याची_ताई: ओळखीचं नावही भुलवतं हो. एलआयसीत पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट होती म्हणून घराघरातून अर्ज गेले, आयपीओत ९४९ चा शेअर मे २०२२ मध्ये बीएसईवर ८६७ ला उघडला. पेटीएम तर २१५० चा, पहिल्याच दिवशी १५६० च्या आसपास बंद.

मुलुंड_स्लो: ताई अगदी बरोबर. @गिरगावकर, आधी ऑफर फॉर सेल (जुने शेअरहोल्डर विकतात तो हिस्सा) किती ते बघा, तो पैसा त्यांना जातो, कंपनीला नाही.